भिंतीकडे तोंड केलेली म्हातारी

रोंकाल्ता,
बुधवार, ३ फेब्रुवारी १९७१

चि. एर्सीलिया हिला बाबाचा आशीर्वाद.

तुझं पत्र सप्टेंबरात आलं आणि माझ्या उत्तराला फेब्रुवारी उजाडला, त्याबद्दल आधी माफी मागतो. नोव्हेंबरपर्यंत मी स्वतःला सांगत होतो की हात दुखतो. मग शेळी आजारी पडली. मग शाई गोठली. ती खरोखरच गोठली होती, पण पेन्सिल गोठत नाही हे मलाही कळतं. शाळेच्या बाई दोनदा येऊन म्हणाल्या, तुम्ही सांगा, मी लिहून देते. मी नको म्हटलं. दुसऱ्याच्या अक्षरात आलेलं पत्र तुला अर्धंच माझं वाटलं असतं. तीन यत्ता शिकलेल्या माणसाच्या चुका सांभाळून घे.

तुझा खोकला गेला का? पत्रात एका ओळीत तू लिहून टाकलंस आणि मी पाच महिने ती ओळ वाचतोय. खोलीतला गॅस झोपण्याआधी हाताने चाचपून बघत जा, नुसतं डोळ्यांनी नको. ट्राम पुरती थांबल्याशिवाय उतरू नकोस. तोरिनोत माणसं फार घाईत असतात म्हणे.

इथे बर्फ खिडकीच्या कडेपर्यंत आलंय. गोठ्याचं छप्पर धरून राहील असं वाटतं, पण रोज सकाळी आधी तिकडेच बघतो. शेळी आता बरी आहे. चेस्टनट यंदा किडके निघाले, निम्मे फेकले. लाकडं भरपूर आहेत. दर शरद ऋतूत एजिदिओ येतो, दोन दिवस कुऱ्हाड चालवतो, एक पेला वाइन पितो आणि जातो. मी नको म्हटलं तरी येतो.

बघ, आलंच त्याचं नाव.

तुझ्या पत्रात एकच प्रश्न होता. तो इथे उतरवून काढतो, म्हणजे मला बगल देता येणार नाही. ‘बाबा, त्या दिवशी माझं नाव कोणी घेतलं? एजिदिओने, की दुसऱ्या कोणी? आता मला कळलंच पाहिजे.’

तू मुखवट्याच्या आत होतीस. लाकडाच्या आत कानावर लोकर, कमरेला घंटा, बाहेरचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. मी तीस वर्षं आत राहिलोय, मला ठाऊक आहे. म्हणून बाहेर काय झालं ते मी सांगतो.

त्या वर्षी माझा गुडघा पहिल्यांदा दगा देऊन गेला. म्हातारीच्या मुखवट्याशिवाय कार्निव्हलची मिरवणूक पुरी व्हायची नाही, म्हणून आपल्या घराची म्हातारी मी एजिदिओला दिली. घंटाही त्यालाच दिल्या. त्याने त्या गवताच्या माळ्यावर तुला बांधल्या, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी चौकात काठी टेकून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, पोरगं नीट चालू दे, आजोबांनी कोरलेला चेहरा आहे, आपटला तर दुसरं पाईनचं लाकूड असं मिळायचं नाही.

हौदाच्या कोपऱ्यावरून सात मुखवटे वळले. म्हातारी शेवटी. तिने डावं पाऊल बाहेर टाकलं आणि मी काठी घट्ट धरली. तसं पाऊल साऱ्या गावात फक्त तुझी आई टाकायची. ती जाऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती.

मला राग यायला हवा होता. बाईमाणसाने मुखवटा घालायचा नाही हे मी तुला दोनदा दटावून सांगितलं होतं. पण तू चाललीस कशी ते तुला कधी कोणी सांगितलं नाही. घंटा एका ठोक्यात पडत होत्या. म्हातारी वाकते तशी वाकलीस, मिरवणुकीचा पुढारी सेव्हेरो, त्याची टोपी केरसुणीने उडवलीस, आणि लोक टाळ्या वाजवत होते. चार गल्ल्या. मी सबंध वेळ गुडघा ओढत मागून आलो. कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं, बघा, ती माझी आहे. तोंड दाबून धरलं होतं.

मग देवळाच्या पायऱ्या आल्या. तिसऱ्या पायरीवर बर्फ होतं. ते मी सकाळीच पाहिलं होतं, राख टाकायला हवी असं म्हणालोही होतो, आणि कोणी टाकली नव्हती. तुझा पाय गेला. घंटांचं ओझं पुढे आलं. आणि कोणीतरी ओरडलं, ‘एर्सीलिया!’

तो मीच.

आता लिहिलं. पेन्सिलीचं टोक मोडलं, चाकूने परत केलं, आणि पुढे लिहितोय.

तू पडलीही नाहीस. कठड्याला धरून सावरलीस. मी तोंड बंद ठेवलं असतं तर पुढच्या ठोक्याला घंटा परत लागल्या असत्या. पण मुखवट्यातल्या माणसाचं नाव घेतलं की मुखवटा मरतो, हे इथे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. सेव्हेरो पुढे आला, त्याने तुझ्या चेहऱ्यावरून म्हातारी ओढून काढली आणि म्हणाला, पोरीने आमचा मुखवटा बाटवला. लोक हसले. तुझे केस घामाने कपाळाला चिकटले होते.

ओरडणारा कोण म्हणून सगळे वळले, तर माझ्या मागे एजिदिओ. तुला बघायला टोपी डोळ्यांवर ओढून आला होता. जो मुखवट्यात असायला हवा होता तो बाहेर उभा, म्हणजे त्यालाच ठाऊक, म्हणजे तोच ओरडला. लोकांनी हिशेब लगेच जुळवला. तू त्याच्याकडे बघितलंस. त्याने मान खाली घातली. मी माझ्या बुटांकडे बघत होतो.

गुरुवारच्या बसने तू गेलीस. मी तुला डबा बांधून दिला, चीज आणि पाव, आणि सांगितलं की खिडकीजवळ बसू नकोस, वारा लागेल. एवढंच सांगितलं.

पुढच्या वर्षी नाव परत घेईन असं ठरवलं होतं. राखेच्या बुधवारच्या आदल्या मंगळवारी, म्हणजे मिरवणुकीच्याच दिवशी, तोंडाला काजळी फासायची, चौकात उभं राहून म्हणायचं की नाव मी घेतलं, ते परत घेतो, आणि मिरवणुकीपुढे उघड्या चेहऱ्याने चालायचं. त्या दिवशी ज्याला जे बोलायचं ते तो बोलू शकतो. मग मुखवटा जिवंत होतो. तोवर तो भिंतीकडे तोंड करून टांगलेला. तुझी शप्पथ, मला लोकांची भीती नव्हती. तुला कोणाकडून तरी कळेल, याची होती. नाताळला तू दोन ओळींचं कार्ड पाठवायचीस, त्या दोन ओळीही बंद होतील. असं करत बारा वर्षं गेली. म्हातारीची पाठ रोज समोर. आतून तासलेलं लाकूड, माझ्या आणि शेवटी तुझ्या श्वासाने एका जागी काळं पडलेलं.

आणि एजिदिओ येऊन लाकडं फोडायचा.

तुझं पत्र आल्यावर मला झोप नीट लागेना. मग जानेवारीत संत अंतोनिओच्या दिवशी दुपारी खानावळीत मुखवटेवाल्यांची बैठक होती, तिथे गेलो. सेव्हेरो वारला, हे तुला कळवलं होतंच. आता पुढारी एजिदिओ आहे. बेकरीवाला दान्तिनो सांगत होता की सहा मुखवट्यांची मिरवणूक बोडकी दिसते, जेर्वाझिओकाकांची, म्हणजे आपल्या घरची, म्हातारी मेली ती मेली, आपण नवी कोरून घेऊ. मी उभा राहिलो. टेबल धरलं होतं.

म्हटलं, “नवी कोरायची नाही. ते नाव मी घेतलं होतं.”

दान्तिनो म्हणाला, “काका, कुठलं नाव? बसा, पेला बाजूला ठेवा.”

“एर्सीलियाचं. पायरीवर. मी ओरडलो.”

एजिदिओ घंटेच्या पट्ट्याला चरबी चोळत होता, तो चोळतच राहिला. म्हणाला, “बारा वर्षं लागली तुम्हाला.”

“तुला ठाऊक होतं?”

“तुमच्या मागेच उभा होतो, काका. माझ्या कानाचा पडदा अजून दुखतो.”

सगळे हसले. मी नाही हसलो. विचारलं, मग बोलला का नाहीस, निदान तिला तरी सांगायचंस. तर तो म्हणाला, “दुसऱ्याने सांगून नाव परत येतं का? मी सांगितलं असतं तर म्हातारी कायमची गेली असती. आणि तुम्हीही.”

एर्सीलिया, त्याने हे अगदी साधेपणाने सांगितलं, दुधाचा भाव सांगावा तसं.

मग मी म्हटलं की मी नाव परत घेणार, पण म्हातारी आमच्या घराची आहे आणि आमच्या घरात तिला घालून चालू शकेल असं एकच माणूस उरलंय. दान्तिनो उसळला. बाईने घंटा बांधल्या तर पुढच्या वर्षी शेळ्याही मागतील, म्हणाला. मी म्हटलं, शेळी तुझ्यापेक्षा बरी चालते. आणि विचारलं, “ती चार गल्ल्या चालली तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या कोण वाजवत होतं? आत कोण आहे ते कळेपर्यंत तिची चाल चांगली होती ना? मग नाव कळल्यावर पाय बदलले का?”

तो गप्प बसला नाही, तो कधीच बसत नाही. दोघेजण म्हणाले की असं झालं तर आम्ही चालणार नाही. एजिदिओने पट्टा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, घंटा कोणाला बांधायच्या ते पुढारी ठरवतो, आणि त्याने ठरवलंय. नसतील चालायचे ते घरी बसून मक्याची पोलेंता ढवळतील.

म्हणजे वाट अर्धी उघडलीय. पुरती नाही. तुला कोणी टोमणा मारणार नाही अशी हमी मी देऊ शकत नाही.

आता नीट वाच. २३ तारखेला मंगळवार आहे. त्या दिवशी दुपारी मी काजळी फासून चौकात उभा राहणार. तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. हा सौदा नाही. गुडघ्याला फडकं बांधीन, पण काठी घेणार नाही. देवळाच्या पायऱ्यांवर राख मी स्वतः टाकणार, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. तू आली नाहीस तर म्हातारीचं तोंड तेवढं सरळ करीन आणि ती तुझी वाट बघत खिळ्यावर राहील. दुसऱ्या कोणाला देणार नाही. माझ्यानंतरही देऊ नये असं पाद्रींकडे सांगून ठेवलंय.

एजिदिओबद्दल मी काही लिहीत नाही. त्याने लग्न केलेलं नाही, हे तुला ठाऊक असेल. काल येऊन पट्टा दाखवून गेला. भोक तिसरं ठेवलंय, बरोबर ना, असं त्याने विचारलं. मला कसं ठाऊक असणार, मी म्हटलं. मला ठाऊक आहे, तो म्हणाला, आणि गेला.

यायचं झालं तर रविवारचीच बस धर, सोमवारी घाट बंद होऊ शकतो. जाड तळव्याचे बूट घाल. खोकला असेल तर येऊ नकोस. नाही, खोकला असला तरी ये, मी चूल पेटती ठेवीन.

मी भ्यालो म्हणून ओरडलो. एवढी चूक तू कदाचित पोटात घालशील. पण त्यानंतर बारा वर्षं गप्प बसलो ते प्रेमाने नाही, आणि त्याची माफी मला पत्रातून मागता येत नाही. समोर उभं राहूनच मागायची आहे. रागावली असशील तर रागाचं लिही. येत नाही एवढंच लिहायचं असेल तर तेवढंच लिही. पण लवकर लिही, पोरी. मी लावला तसा उशीर लावू नकोस.

तुझं नाव ज्याने घेतलं तो,
तुझा बाप
जेर्वाझिओ