खुडा झाल्यावर बघू

९ ऑक्टो., गुरुवार
शहरात द्वारका चौकात ट्रॅफिक, मेडिकलच्या क्लासला उशीर. आज सरांनी एकेकाला उभं केलं. "डॉक्टर का व्हायचंय? प्रेरणा कोणाची?" कोणाचे आजोबा, कोणाची डॉक्टर मावशी. मी म्हटलं, "माझे वडील. ते डॉक्टरकडे जात नाहीत म्हणून." सगळा वर्ग हसला. हसा. मी विनोद केला नव्हता.

आमच्या घरात दुखण्याला एकच उत्तर: खुडा झाल्यावर बघू. द्राक्षं तोडून गाडीत भरेपर्यंत कोणी आजारी पडायचं नाही. तीन हंगामांपूर्वी अण्णांनी ताप अंगावर काढला. खुडा संपला तोवर न्युमोनिया. खाटेवरून फोनवर विचारत होते, गाडी भरली का! तिथेच बसून ठरवलं मी. हे लोक दवाखान्यात येत नाहीत ना, मग दवाखानाच घरात आणते.

११ ऑक्टो.
जेवताना अण्णा म्हणाले, "दोनदा परीक्षा दिली, दोनदा हुकली. दिवाळीनंतर क्लास बंद. बागेचं औषध-पाणी तुला माझ्यापेक्षा जास्त कळतंय. बाग तूच बघ."

रागानं बोलले असते तर बरं होतं. कौतुकानं बोलले, म्हणून जास्त संताप आला. म्हटलं, "वेलींची डॉक्टर चालते, माणसांची नाय?" आईचा भाकरी थापणारा हात थांबला. अण्णा म्हणाले, "मीठ दे."

दिलं नाही.

१३ ऑक्टो., सोमवार
आजचं सगळं लिहून काढते.

खालच्या प्लॉटची छाटणी झाली. आज काड्यांना पेस्ट लावली, डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून लावतात ती. हातमोजे कोपऱ्यात, अण्णांचा हात थेट बादलीत. काम उरकलं की मजुरांच्या टोळीला मटण आणि बाटली, ही आमच्याकडची रीत. अण्णा एरवी शिवत नाहीत, पण त्या दिवशी मुकादमाचा मान म्हणून दोन घोट घेतात.

घेतले. जरा वेळानं तोंड लालभडक, छाती धडधड, श्वास पुरेना. काका सातपूरहून कंपनीतून आलेले. म्हणाले, "पित्त हाय. लिंबू पाजा." आणि अण्णा? "वरचा प्लॉट उरकू दे, मंग बघू."

ओरडले मी. मुकादमासमोर, सगळ्या टोळीसमोर. "काका, गाडी काढा, नायतर मी चालवते!" मला फक्त ट्रॅक्टर येतो. काकांना ते माहीत आहे, म्हणून त्यांनी काढली.

दिंडोरीच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "आज बागेत काय लावलं?" मी पेस्टचं सांगितलं, दारूचंही सांगितलं. अण्णांनी डोळे वटारले. वटारा. बाई म्हणाल्या, "पेस्ट अंगात भिनलेली असताना दारू पोटात गेली की असंच होतं. पुढचे काही दिवस थेंबही नको. दर छाटणीला येतात असे पेशंट."

दर छाटणीला! आणि आमच्याकडे दर छाटणीला बाटली. सलाईन लावलंय. आज इथेच ठेवून घेतलं.

१५ ऑक्टो.
अण्णा घरी. बरे आहेत, म्हणजे चिडचिड करतायत. काका म्हणाले, "पोरीनं चार लोकांत लाज काढली. यंदा उजवून टाका हिला."
चहा देता देता म्हटलं, "लाज गेली, माणूस राहिला. पुढच्या टायमाला लिंबूच पिळू." काका चहा न पिता उठले.

आई पदराआड हसली. मग चुलीपाशी हळूच म्हणाली, "मला बी गरगरतं गं, श्रावणापासून."

श्रावणापासून! आधी तिला जाम बोलले, मग मीच रडले. काय माणसं आहेत ही. उद्या नेते. कोणाला विचारणार नाही.

१६ ऑक्टो.
आईला बीपी. गोळी सुरू. घरी येताना म्हणते, "ह्यांना सांगू नको, खुडा होऊ दे." सांगितलं. पहिल्या पायरीवरूनच सांगितलं. अण्णा आईकडे बघतच राहिले.

१७ ऑक्टो., वसुबारस
क्लासला सुट्टी लागली. वरच्या प्लॉटला पेस्ट. मी हातमोजे घेऊन बागेत गेले, तर बांधापलीकडून अण्णांचा आवाज.
मुकादम विचारत होता, "शेठ, आज रातचं काय?"
"मटण हाय. बाटली नाय. चार-पाच दिस कोणीच घ्यायची नाय."
"असं कोन म्हनतं?"
"आमची डॉक्टर."

बांधावरच उभी राहिले. आमची डॉक्टर म्हणाले. दिंडोरीच्या बाईंना अण्णा 'मॅडम' म्हणतात.

मग त्यांनी मला पाहिलं. लगेच कपाळाला आठ्या. "क्लासचं अजून ठरलं नाय हां."
"हातमोजे घाला," म्हटलं.
"एवढा प्लॉट होऊ दे."
"आत्ता."

माझ्याकडे बघत एक घातला. दुसरा खिशात कोंबला आणि बादली उचलली.

सुट्टी संपली की सोमवारी सकाळी सातची बस. मी बसणार आहे. दुसऱ्या हातमोज्याचं त्याआधी बघते.