दिवड आणि माझे लाल मासे

अप्पा, आज तुमचा लाडका माझ्या दुकानात आला होता. लाडकाच म्हणते. त्याला तुम्ही चारचौघांत 'माझा पठ्ठ्या' म्हणायचात, आणि माझी ओळख करून द्यायची वेळ आली की 'ही आमची थोरली', बस्स, एवढंच. आता त्याचेही केस पिकलेत. दिघीच्या बाजूला जखमी सापांचं केंद्र चालवतो, वनखात्याची रीतसर परवानगी आहे, शाळेतली पोरं बघायला येतात. मी त्याला अजून अहो-जाहो करते, जवळीक नको म्हणून. तो मात्र मला ताई म्हणतो आणि स्टूल ओढून घरच्यासारखा बसतो. त्याला केंद्रासाठी एक मोठी काचेची टाकी करून हवी आहे. निम्म्यात पाणी आणि मासे, निम्म्यात माती, दगड, झाडं, आणि त्यात एक दिवड, पाण्यातला साप. मोशीत कुठल्या तरी नव्या बिल्डिंगचा पाया खणताना जेसीबीखाली तिची शेपटी तुटली आणि कणा दुखावला, त्यामुळं तिला परत सोडता येत नाही. आणि ही टाकी म्हणे तुमच्या स्मरणार्थ! "अप्पांच्या नावाची टाकी दुसऱ्या कुणाकडून कशी करून घेणार, ताई?" मी म्हटलं, "उपकार झाले."

त्यानं मोबाइलवर चित्र काढून आणलं होतं. सगळी टाकी सलग, मधे काही नाही. मासे फिरतायत, दगडावरून दिवड पाण्यात उतरतेय. मी विचारलं, "आणि उतरून ती माशांची पूजा करणार का?" तर हसला. म्हणाला, "पोट भरलेलं असलं ना ताई, की दिवड माशाकडं ढुंकूनही बघत नाही. अप्पाच म्हणायचे." झालं. अप्पाच म्हणायचे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुमची पोतंभर वाक्यं आहेत त्याच्याकडं. चाकणपासून देहूपर्यंत कुठूनही साप निघाल्याचा निरोप आला की तुम्ही स्कूटर काढायचात आणि मागं तो, मांडीवर सापाची पिशवी घेऊन. रस्ताभर बोलत असणार तुम्ही. घरी आलात की मुके. माझ्या वाट्याला काय, तर 'दार लाव' आणि 'आईला सांग, जेवायला थांबू नको'. माझ्या बापाचं बोलणं मला या माणसाकडून ऐकावं लागतं, तेही माझ्याच दुकानात, माझाच चहा पीत. जळते मी त्याच्यावर. पहिल्यापासून जळते. पण त्याच्याही आधी मी कुणावर जळले असेन तर ती एक दिवडच होती, अप्पा. तुम्ही विसरला असाल.

रविवार आहे, मी अजून फ्रॉकात आहे. तुम्ही स्वयंपाकघरात फरशीवर बसून काच जोडताय. आई वैतागून स्टो घेऊन बाहेर गॅलरीत गेलीय, कारण दारामागच्या खिळ्याला तुमची कापडी पिशवी लटकतेय आणि ती मधूनच हलतेय. "आधी ते बोचकं बाहेर न्या, मग मी आत येते," असं तिचं चाललंय. मी भिंतीला टेकून बसलेय आणि माझ्या पोटात आनंद मावत नाहीये. दिवाळीपासून मी टाकी मागत होते. चिंचवडच्या बाजारातून आणलेले माझे लाल मासे खिडकीत लोणच्याच्या बरणीत गोल गोल फिरतायत. मी काचेला बोट लावायला जाते तर तुम्ही खेकसता, "हात लावू नगं, चिरंल." खेकसलात तरी चालतंय मला. टाकी होतेय ना! मग तुम्ही निम्म्या भागात पाणी भरता, निम्म्यात वाळू पसरता आणि वाळूवर एक वीट ठेवता. मी विचारते, "वीट कशाला, अप्पा?" तुम्ही उठून खिळ्यावरची पिशवी काढता.

पिशवीतून दिवड निघाली. कुणीतरी काठी घालून तिचा जबडा फोडला होता. बिनविषारी, पण तशी चावरी जात, आणि ती तर चावायचंसुद्धा विसरली होती. कशाला तोंड लावत नव्हती. तुम्ही तिला विटेवर ठेवलंत आणि मग मला न विचारता खिडकीतली बरणी उचलून पाण्यात उपडी केलीत. "दोघं बी राहत्यात का बघू," म्हणालात. मला वाटलं, तुम्ही म्हणताय म्हणजे राहतील. सकाळी उठून बघते तर पाणी नितळ, आत काही नाही, आणि दिवड विटेवर फुगलेलं पोट घेऊन पडलेली. मी भोकाड पसरलं. तुम्ही धावत आलात, पण माझ्याकडं नाही, टाकीकडं. "खाल्लं गं हिनं! अगं ए, ये की हिकडं, खाल्लं बघ!" आईला हाका मारत सुटलात. मग माझ्याकडं वळून, "रडतीस काय? जगली न्हवं ती?" आणि काचेवरून हात फिरवत बसलात. तो हात माझ्या डोक्यावरून फिरायला हवा होता. इतका राग मला पुढं सासूचासुद्धा आला नाही. तुमची ती दिवड बरी झाली आणि तुम्ही तिला इंद्रायणीच्या काठाला सोडून आलात, तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली होती.

तर आज मी त्याला स्पष्ट सांगितलं. मधे काच घालणार, तळापासून वरपर्यंत, तिरकी, म्हणजे पुढून बघणाऱ्याला सगळं पाणी एकच वाटेल. दिवडीला तिचं वेगळं डबकं, आणि कोरडा दगड, वर दिवा, नाहीतर ओलीत राहून तिचं पोट सडेल. झाकणाला कडी. माशांना त्यांचं पाणी. पटत असेल तर करते, नाहीतर भोसरीत दुकानं भरपूर आहेत. तो म्हणाला, "पण मग ते एकत्र कुठं राहिले, ताई?" मी म्हटलं, "राहत नाहीत. मी बघितलंय." त्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, "ते मासे ना? तुमचे?"

मी चाट पडले. तुम्ही सांगितलं होतंत त्याला! आणि काय सांगितलं होतंत! तो सांगत होता तुमच्याच आवाजात, मान तश्शीच वाकडी करून. "दिवड मरायला टेकली व्हती. कशाला तोंड लावंना. तर माझ्या पोरीनं काय करावं? सोताचं मासं आणून दिलं तिला. एवढीशी पोर. डोळ्यात पाणी, पण दिलं." दर वेळी ऐकवायचात म्हणे. त्याला साप धरायला जमलं नाही, तो घाबरला, उशिरा आला, की हेच. माझी पोर बघ. तू काय दिलंस? "खरं सांगू ताई, मला ऐकून ऐकून वीट आला होता तुमचा," तो म्हणाला. "रात्रंदिवस मी त्यांच्या मागं, आणि कौतुक तुमचं. तुमच्याकडं मी कधी नीट बघितलं नाही ते त्यामुळंच."

तुम्ही माझी लाज राखायला खोटं बोललात, की तुम्हाला खरंच तसं दिसलं होतं, कोण जाणे. आता विचारणार कुणाला? आणि मला का नाही कधी सांगितलंत? एकदा जरी म्हणाला असतात ना अप्पा, तर मी स्वतः आणखी बरणीभर मासे आणले असते.

जाताना तो दारात थांबला. "काच तिरकी घाला," म्हणाला, "तुमचंच बरोबर असेल." मग चप्पल घालता घालता विचारलं, "खरंच दिले होते ना हो?" एवढा मोठा माणूस, पण तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी 'नाही' म्हटलं असतं तर त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला तरी सांगते. मी म्हटलं, "हो. एकेक करून, माझ्या हातानं." त्याचं तोंड उतरलं. आणि मला फार बरं वाटलं, अप्पा.