माझे नाक आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री

११ जुलै १९५५, सोमवार. बोरगाव मेघे, वर्धा

आजपासून नवा अच्युत. बी.एस्सी.चे शेवटचे वर्ष. ऑरगॅनिक भाग दुसरा, म्हणजे बेन्झीन आणि त्याचे सगळे गणगोत. तीन रंगांत टाइमटेबल काढले. पहाटे साडेचारला उठणे.

वडनेरहून निघताना अण्णाजींनी स्वच्छ सांगितले, की पास झाला तर एम.एस्सी.ले नागपूर, नाई तर माह्या शाळेत तिसऱ्या वर्गावर मास्तर. वडील हेडमास्तर असलेल्या शाळेत मास्तर होणे म्हणजे जन्मभर त्यांच्या घंटेवर ऊठबस. ते होणे नाही. फर्स्ट क्लास धरूनच चाललो आहे.

टेबल भिंतीकडे आहे, उजेड पाठीमागून येतो. उद्या खिडकीकडे वळवतो, मग सुरुवात.

१३ जुलै

टेबल खिडकीकडे घेतले. खिडकीतून रस्ता दिसतो आणि रस्त्याने फार माणसे जातात. संध्याकाळपर्यंत बहुतेक सगळी पाहिली. टेबल परत भिंतीकडे.

मावशीच्या घरी राहण्याचा हा तोटा, तिचे सगळीकडे लक्ष असते. म्हणाली, परीक्षा तुही हाये का टेबलाची? साडेचारला उठलो नाही, कारण आज बुधवार. नवी गोष्ट सोमवारीच सुरू करावी.

२९ जुलै

पांढरीपांडे सरांचे लेक्चर. फळ्यावर बाण काढतात. बाण कुठून निघाला ते कळते, कुठे गेला ते पाहीपर्यंत फळा पुसलेला असतो. पाऊण तासात माझे पाय स्वस्थ बसत नाहीत. शेजारी केशव, सिंदी मेघेचा, खाली मान घालून सगळे उतरवतो. बिचारा. नुसते उतरवून काय होते?

घरी आल्यावर डोके भणभणले. मावशीने बाम चोळला. तिच्या गुडघ्यांसाठी आणलेली बाटली, पण निम्मी माझ्या कपाळाला जाते. चोळते मात्र छान.

१९ ऑगस्ट

आजचा दिवस सोन्याचा. मला माझा मार्ग सापडला.

प्रॅक्टिकलला प्रत्येकाला एक अनोळखी पदार्थ मिळाला, तो ओळखायचा. लॅबचा अटेंडंट प्रेमदास बाटल्या मांडून गेला. केशवने नेहमीप्रमाणे वितळणबिंदू घेतला, १५९ आला. मग फेरिक क्लोराइड घालून जांभळा रंग काढला. दीड तास. मी काय केले? थोडा पदार्थ मिथाइल अल्कोहोलमध्ये टाकला, सल्फ्युरिकचे दोन थेंब, जरा गरम केले आणि नाक लावले. थेट मावशीचा बाम! म्हणजे सॅलिसिलिक ॲसिड. सात मिनिटे. उत्तर दोघांचे एकच.

उरलेल्या वेळात कपाटातल्या बाटल्यांची बुचे काढून हुंगली. नायट्रोबेन्झीन, ॲनिलीन, फिनॉल, सगळी डोळे मिटून ओळखली. देवाने नाक दिले आहे ते काही चष्मा ठेवायला नाही.

प्रेमदास बुचे परत लावत म्हणाला, वास आखरीले घेजा बाबू. वास सांगते, पन साक्ष नाई देत. बावीस वर्षे बाटल्या धुतोय, तरी नाकावर विश्वास नाही. म्हणूनच बाटल्या धुतोय.

२ ऑक्टोबर

घरात अभ्यास होत नाही. मावशीकडे शेजारच्या शोभाबाई येऊन बसतात आणि त्यांचे बोलणे ऐकू येते. ऐकायला मला आवडते, ही निराळी अडचण. म्हणून पुस्तक घेऊन स्टेशनवर गेलो. बाक चांगला, वारा चांगला. मद्रासकडची गाडी अर्धा तास लेट होती, ती आल्याशिवाय उठवेना. पाने वाचली तीन. गाड्या पाहिल्या पाच.

नवीन टाइमटेबल (चौथे) फक्त दोन रंगांत. रंगांमुळे वेळ जात होता.

१८ नोव्हेंबर. वडनेर

दिवाळीची सुट्टी. अण्णाजींनी जर्नल दाखव म्हटले. वर्ध्याला राहिले, म्हणालो. खरे आहे. निघताना मीच ते ट्रंकेतून काढून मावशीच्या फडताळात ठेवले होते.

आईने विचारले, तू बसल्या जागी पाय काऊन हालवून राह्यला? विचारवंत माणसांचे असेच असते, हे तिला कसे सांगणार.

२४ जानेवारी १९५६

प्रिलिमचे प्रॅक्टिकल. बूच काढताच ॲनिलीन. लिहिले आणि चाळीस मिनिटांत बाहेर. सरांनी निम्मेच मार्क दिले. म्हणाले, उत्तर बरोबर आहे, पण पुरावा कुठे? एकही कन्फर्मेटरी टेस्ट नाही. सरांचे नाक वर्षानुवर्षे ॲसिडात राहून बाद झाले असावे.

केशवला पूर्ण मार्क. मला म्हणाला, तू प्रत्येक टेस्ट एकदा तरी करत जा, मी संध्याकाळी थांबतो, संगं करू. मुलगा मनाने चांगला आहे. मी संध्याकाळी मोकळा नसतो, असे सांगितले. नंतर स्टेशनवर गेलो.

२७ फेब्रुवारी

टाइमटेबल अकरावे. थिअरी केशवच्या वहीवरून उरकतो आहे, ती जेमतेम निघेल. प्रॅक्टिकलची काळजी नाही, ते माझ्या हातचे. म्हणजे नाकातले.

२० मार्च, संध्याकाळ

उद्या प्रॅक्टिकल. लॅबच्या मागच्या दाराशी प्रेमदासला गाठले. आम्ही पाच-सहा जण होतो, दरवर्षीचा रिवाजच आहे. काय येणार, एवढे सांग म्हटले. तो म्हणाला, ते बाटलीले विचारा, मले नाई. आणि मला एकट्याला बाजूला घेऊन म्हणाला, बाबू, उद्या थर्मामीटर पाहून घेजा. एवढेच.

थर्मामीटर पाहा, म्हणजे फुटका आहे की काय ते पाहा. बिचाऱ्याला ब्रेकेजची काळजी.

२१ मार्च, दुपारी चार

कसे लिहू?

सकाळी डोके जड. मावशीने आग्रहाने बाम चोळला, कपाळाला आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना. दही-साखर हातावर दिली.

पांढरे स्फटिक आले. वास नाही. मिथाइल अल्कोहोल, सल्फ्युरिक, गरम केले, नाक लावले. बाम. स्पष्ट, भरपूर बाम. सॅलिसिलिक ॲसिड! वितळणबिंदू घेतला तो १२१. थर्मामीटर जुना. पुन्हा घेतला, १२१. पुन्हा, १२१. तीनदा एकच आकडा, म्हणजे थर्मामीटर अडकतो, हे सिद्धच झाले. प्रेमदास म्हणाला होता ते हेच. पेपरवर १५९ लिहून मोकळा झालो. फेरिक क्लोराइडची बाटली समोरच होती. घातले नाही. वेळ नव्हता. तसा सव्वा तास होता.

बाहेरून आलेले परीक्षक तोंडीला आले. माझी नळी हुंगली आणि म्हणाले, बामाचा वास येत नाही. मी म्हणालो, येतो सर, खूप येतो. ते वाकले, नळीजवळ नाक नेले, मग माझ्याजवळ. विचारले, डोके दुखते का? मी हो म्हणालो. मग त्यांनीच फेरिक क्लोराइडचे थेंब माझ्या पदार्थात घातले. जांभळा नाही. फिकट पिवळसर गाळ.

बेन्झोइक ॲसिड. सगळ्या बॅचला बेन्झोइक. वितळणबिंदू बरोबर एकशे एकवीस-बावीस.

२१ मार्च, रात्री

मावशीला सगळे सांगितले. बामाने घात केला, म्हणालो. दुसरे कारणच नाही. ती हात पदराला पुसत राहिली.

९ जून. वडनेर

निकाल. थिअरीत काठावर पास, प्रॅक्टिकलमध्ये नापास, म्हणून सगळ्यातच नापास. केशव सेकंड क्लास.

अण्णाजींना बामाची हकीगत सांगितली. गावातही तीच सांगतो. लोक हळहळतात, आईही बहिणीवर थोडी रागावली आहे. अण्णाजी तेवढे हळहळले नाहीत. चष्मा पुसून म्हणाले, जुलैच्या एक तारखेला रविवार आहे. दोन तारखेपासून शाळेत येजो.

२४ जून

केशव भेटायला आला होता. नागपूरला चालला आहे. जाताना म्हणाला, मावशीकडे गेलतो. बाटली तिने शोभाबाईंना देऊन टाकली. स्वतःच्या गुडघ्यांनासुद्धा बाम लावत नाही, भिंत धरून उठते. त्याने काऊन म्हणून विचारले, तर म्हणाली, माह्या हातानं पोराचं वर्ष गेलं.

केशवला बसस्टँडवर पोचवले. परत येताना दोनदा रस्ता चुकलो. वडनेरमध्ये रस्ते तीनच आहेत.

२ जुलै १९५६, सोमवार

शाळेचा पहिला दिवस. तिसऱ्या वर्गात अडतीस हजर. घंटा अण्णाजी स्वतः देतात.

शाळा सुटल्यावर मावशीला पत्र लिहायला वर्गातच थांबलो. कागद समोर ठेवला आणि लगेच वाटले, उजेड बरोबर नाही, टेबल खिडकीकडे घ्यावे. उठलो, दोन्ही हातांनी ओढले. सरकारी सागवान, तसूभर हलले नाही. शिपायाला हाक मारावी म्हटले, तर तो घरी गेला होता.

मग आहे तिथेच बसलो. बाम नाकाला होता. थर्मामीटर मी डोळ्यांनी पाहिला होता, तीनदा. फेरिक क्लोराइड घातले नाही ते वेळ नव्हता म्हणून नव्हे. जांभळे होणार नाही, हे मला ठाऊक होते म्हणून.

पत्र चार ओळींचे झाले. चूक माझी होती, मावशी, बामाची नव्हती. पोस्टाच्या पेटीत टाकून आलो. बामाची नवी बाटलीही पाठवायची आहे, ती हिंगणघाटला मिळेल.