पाया पडून दिलेला साज

१३ नोव्हेंबर १९९८, शुक्रवार. कोल्हापूर.

आज सुभाष माझ्या पाया पडला. तीस वर्षांचं पोरगं, दिवाळीलाबी कधी वाकलं न्हाय. उठून हातात साज ठेवला. "आई, खऱ्या सोन्याचा हाय."

मग पाया का पडला? पितळेचा साज सोन्याचा म्हणून खपवताना आधी बाईच्या पाया पडायचं, हे मीच त्याला शिकवलंय. बाई वाकलेलं डोकं बघत बसती, दागिना न्हाय.

तो आत गेल्यावर कसोटीचा दगड काढला. घासायचा धीर झाला न्हाय. पितळ निघालं तर पोरानं आईलाच फसवलं. सोनं निघालं तर कुणाच्या गळ्यातलं?

पण पाया का पडला?

शेवटी साज घातला. तो बाहेर येऊन म्हणाला, "शोभतोय की!" माझ्या डोळ्यात पाणी आलं. आलं का मी आणलं, माझं मलाच कळंना.