दीड खोली

२ फेब्रुवारी, रविवार
आले एकदाची. तिसरा मजला. घरमालक दोन खोल्या म्हणतात, मी दीड म्हणते — आतल्या खोलीत गादी टाकली की दार अर्धंच उघडतं. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत, इतकी जवळ की हात लांबवून पोपडे काढावेत.

चौतिसाव्या वर्षी स्वतःची पहिली किल्ली. आनंद व्हायला हवा होता. ताईने निघताना भाचीकडे बोट करत म्हटलं, "हिचं दहावीचं वर्ष येतंय, वेगळी खोली लागेलच ना." माझी बॅग माझ्याआधी भरून दारात ठेवलेली! अकरा वर्षं त्या घरात काढली आणि भावजींनी पेपरातून मानही वर केली नाही.

३ फेब्रुवारी
गाळणी नाही. चहा ओढणीच्या टोकाने गाळला. ओढणी गेली.

५ फेब्रुवारी, बुधवार
घरमालक निवृत्त मास्तर. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, तीनतीनदा बजावून गेले. मग कपडे कुठे अडकवू, तुमच्या नाकाला? — हे मनात. तोंडाने, "हो सर."

९ फेब्रुवारी, रविवार
जुन्या बाजारातून शेगडी आणली. दुकानदार म्हणाला, "दोन्ही बर्नर झकास पेटतात." घरी आणून पाहिलं तर एकच. पुन्हा तीन मजले उतरवून नेली. तो म्हणतो कसा, "एकट्या बाईला दुसरा लागतो कशाला?"

तशीच परत आणली. मधल्या जिन्यावर टेकले तेव्हा रडू आलं. शेगडी जड होती म्हणून, दुसरं काही नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
दातांच्या लॅबमध्ये आज चार कवळ्या. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "मजा आहे बाई तुझी, कोणाची कटकट नाही!" मी मेण कोरत राहिले. दिवसभर लोकांचे दात घडवते, तेव्हा एखाद्यावर दात धरणं तरी मला नीट जमायला हवं. जमतंय. ताईवर.

भाचीच्या तापात कपाळावर पट्ट्या कोणी ठेवल्या? मी. पालकसभेला कोण जायचं? मीच. तिथल्या बाई मलाच आई समजायच्या आणि मी त्यांना कधी खरं सांगितलं नाही. चुकलंच. गरज सरल्यावर फडकं फेकतात तशी फेकली मला.

१६ फेब्रुवारी
भाचीला फोन लावला. ताईने उचलला. "अभ्यास करतेय ती. सारखा फोन करत जाऊ नकोस." सारखा! पंधरा दिवसांत पहिला.

ठेवताना विचारते, "आत दोघंतिघं झोपतील एवढी जागा आहे का गं?" म्हटलं, तुला काय करायचंय? आणि मीच फोन कापला.

२० फेब्रुवारी
आज "वरची की खालची" याखेरीज तोंडातून शब्द निघाला नाही. तोही कवळीबद्दल.

२३ फेब्रुवारी, रविवार
भाजी घेताना ताईच्या खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. हात धरून बाजूला घेतलं. "तू गेल्यापासून तुमच्याकडचे आवाज जिन्यापर्यंत येतात गं." मी म्हटलं, मला काय सांगता, मी कोण तिथली? काकूंनी माझा हात सोडला.

घरी येऊन बटाटे चिरताना लक्षात आलं — मला बरं वाटत होतं. भोगू दे म्हणावं. लिहून ठेवते, कारण हे कोणाला सांगण्यासारखं नाही.

१ मार्च, शनिवार
सकाळी साडेनऊला दार वाजलं. ताई. मागे भाची, पाठीवर शाळेचं दप्तर, हातात कपड्यांची पिशवी. ताईचा डावा हात ओढणीने गळ्यात बांधलेला.

मी काय बोलावं? "का? वेगळी खोली हवी होती ना हिला?" भाचीसमोर. ताई दारातच उभी. म्हणाली, "मला निघून यायला एक घर हवं होतं. तू तिथे असताना ते कुठून येणार? सांगितलं असतं तर तू त्यांच्याशी भांडली असतीस, आणि मग मला उंबरठा ओलांडता आला नसता."

म्हणजे मला हाकललं नव्हतं. पुढे पाठवलं होतं. मला न विचारता!

अकरा वर्षं मी भावजींचा आवाज ऐकला, हात कधी पाहिला नाही. पाहायचाच नव्हता, असंही असेल. ताईला हे बोलले नाही. तिला दवाखान्यात नेलं, हाड मोडलंय, प्लास्टर घातलं. येताना रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. राग गेला नाही माझा. पण खांदा हलवला नाही.

२ मार्च, रविवार
दुपारी भावजी आले. मी दार बोटभर उघडलं, ताईची चप्पल पायाने मागे सारली. "ती इथे आलीय?" दोघी आतल्या खोलीत.

म्हटलं, "नाही भावजी. इथे मी एकटीच असते."