डॉक्टरीणबाईंसमोर आमेन म्हणू नकोस

इडवल दादा,

कोट काढायच्या आधी शेगडीपाशी बस आणि डॉक्टरीणबाईंच्या गेल्या खेपेची गोष्ट ऐक.

बाबांची बुद्धी कायमची ढासळलीय, असा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला तर गावची कौन्सिल घराच्या करात सूट देते. मग मला शनिवारची पाळी सोडता येईल, बाबा घरात एकटे राहणार नाहीत. त्यासाठीच बाई आल्या होत्या. त्यांचा काळा कोट पाहून बाबांना वाटलं, चॅपल माणसांनी भरलंय आणि आपण अजून तिथले पाद्री आहोत! उभे राहिले आणि माशाच्या पोटातल्या योनाचं त्यांचं जुनं प्रवचन सुरात गायले, एक शब्द न चुकता. देवाची शपथ, माझ्या अंगावर काटा आला, आणि सवयीने तोंडून ‘आमेन!’ निघालं. बाई हसल्या. “अगं एलुनेद, हे तर माझ्यापेक्षा तल्लख आहेत!” म्हणाल्या, आणि सही न करताच गेल्या.

आज दुपारी त्या परत येतील. मला सुटी नाही. बाबांना गाऊ दे, पण तू आमेन म्हणू नकोस. प्रवचन संपलं की बाईंसमोर विचार, “बाबा, आई कुठंय?” आई गेल्याचं त्यांना आठवत नाही; त्यांची तारांबळ तुला बघवणार नाही, तरी विचार. परवा गॅस उघडा ठेवून झोपले होते, तेही सांग. झाकू नकोस.

मला फार भीती वाटते रे. काल त्यांनी मला घरात घेतलं नाही. दाराआडून म्हणाले, “बाई, माझी लेक कामावर गेलीय. ती आली की या.”

रात्रीच्या प्रार्थनेत माझीही आठवण ठेव. नाव मोठ्याने घे, बाबांना ऐकू जाईल असं.

एलुनेद