स्टेशन रस्त्यावरचा पाऊस

९ ऑक्टोबर, गुरुवार

स्मृतिफलकाचा मसुदा नगरपालिकेतून परत आला. मी खोडलेलं वाक्य त्यांनी त्यात पुन्हा घातलंय! "त्या दिवशी पाऊस होता. स्टेशनवर पोचेपर्यंत आम्ही ओलेचिंब झालो होतो." हे मार्गोट लोवेनहार्टचं सांगणं. तेव्हा ती दहा वर्षांची. जुलै १९४२ मध्ये नाझींनी तिला आणि तिच्या आईबापांना, ज्यू म्हणून, भर दुपारी, हातात बोचकी देऊन, आमच्याच स्टेशन रस्त्यानं चालवत नेलं. परत आली ती एकटीच. पुढे दक्षिण अमेरिकेत मोंतेविदेओला गेली, तिथंच वारली.

सगळं खरं. फक्त पाऊस नव्हता. हवामानाच्या जुन्या नोंदी मी स्वतः जाऊन पाहिल्यात — आठवडाभर थेंब नाही. शेतकरी गवत वाळवत होते.

वाक्य पुन्हा घालणारे डॉक्टर पापेनडीक. हायस्कुलात इतिहास शिकवतात. मला म्हणाले, विबुश, आठवणीला स्वतःचं एक सत्य असतं हो. असेल! मी धुराडी तपासणारा माणूस. धूर मोजताना मी घरमालकाला विचारत नाही, तुम्हाला आतून काय वाटतं म्हणून.

आता वीस वर्षं होतील या कामाला. पदवी नाही, पगार नाही. या गावातून कोणाकोणाला नेलं, कोणत्या दारातून नेलं, हे जे काही आज माहीत आहे ते मी शोधलंय. पापेनडीक नुसती प्रस्तावना लिहितात.

११ ऑक्टोबर, शनिवार

बिअरला नेहमीच्या टेबलावर. शुक्रवारी लोवेनहार्टांच्या जुन्या कापडदुकानासमोर, फरसबंदीत, तिघांच्या नावांचे पितळी दगड बसणार, त्यावरून विषय निघाला. सगळ्यांनी माना हलवल्या. फार महत्त्वाचं काम, वगैरे. मग नेहमीचंच — कोणाच्या आजोबानं कोणाला पोटमाळ्यावर लपवलं, कोणाची आजी रात्री कुंपणावरून पाव द्यायची. एवढ्यांना लपवलं होतं, तर मग स्टेशनवर गेलं कोण? विचारलं मी. कोणी हसलं नाही.

खाटकाचा थोर्बेन मात्र मोकळेपणानं बोलतो. ऐंशी वर्षं झाली, म्हणे, किती दिवस सुतक पाळायचं? वर म्हणाला, "लाव तुझा फलक. एक चूक सापडू दे त्यात, मग सांगतो बाकीचं किती खरं ते."

म्हणून ते वाक्य नको! पापेनडीकना हे कळत नाही. एक ओळ चुकली की ही माणसं तिला धरून बाकी सगळं खोटं पाडतात.

१३ ऑक्टोबर, सोमवार

खालच्या मजल्यावर आईकडे बसलो. त्र्याण्णव वर्षांची आहे, स्टेशन रस्त्यावरच्या याच घरात जन्मलेली. शुक्रवारी मार्गोटची मुलगी येणार, ती पाहुणी कशी आहे दिसायला, विचारत होती. गुडघ्यांमुळे समारंभाला येणार नाही म्हणाली. ठीक आहे. तिला जुनं काही विचारलं की एकच उत्तर — आम्ही लहान होतो, आम्हाला काय कळतंय. सगळ्या म्हाताऱ्या हेच सांगतात. पूर्वी मी लिहून घ्यायचो. आता घेत नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

झालं.

मार्गोटची मुलगी, ग्रासिएलाबाई, मोंतेविदेओहून आल्या. सत्तरीच्या आसपास, ताठ, पांढरे केस. जर्मन बोलतात ते आमच्या गावचं जुनं जर्मन, माझ्या आजीसारखं. ऐकून अंगावर काटा आला. सकाळी भेटल्या तेव्हा माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाल्या, तुम्ही नसता तर आईचं घरही मला सापडलं नसतं. खोटं कशाला लिहू — बरं वाटलं.

शाळेतल्या मुलीनं क्लॅरिनेट वाजवलं. पांढरे गुलाब ठेवले. नगराध्यक्षा बोलल्या — "पुन्हा कधीही नाही." दर वर्षी तेच भाषण, फक्त कोट नवा. मग ग्रासिएलाबाई बोलल्या आणि त्यांनी पाऊस सांगितला. आई मरेपर्यंत पावसात बाहेर पडायची नाही म्हणाल्या. बायका डोळे पुसायला लागल्या. गर्दीत मागे थोर्बेन फोन वर धरून चित्रण करत होता!

माझी पाळी आली. मी सौम्यपणेच सांगितलं. एका तपशिलाची दुरुस्ती करायला हवी, त्या दुपारी आकाश निरभ्र होतं, लहान मुलांच्या आठवणीत दोन दिवसांची सरमिसळ होते. तारीख सांगितली, नोंद सांगितली.

 ग्रासिएलाबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. विचारलं, "म्हणजे माझी आई खोटं सांगत होती?"

"खोटं नाही, बाई. चुकत होत्या."

नंतर सभागृहात कॉफी आणि लोण्यासाखरेचा केक — आमच्याकडे मयतीनंतर देतात तोच. त्यांनी बशीला हात लावला नाही. माझ्या टेबलावर कोणी बसलं नाही. ज्यांच्या आज्या कुंपणावरून पाव देत होत्या, तेही नाहीत.

१८ ऑक्टोबर, शनिवार

नगराध्यक्षांचा फोन. ग्रासिएलाबाईंनी गावच्या संग्रहालयाला दिलेला फोटो परत मागितलाय. तिघांचा एकत्र असा तो एकच फोटो. आईबापांचे चेहरे दुसरीकडे कुठेच नाहीत. सोमवारी दुपारच्या गाडीनं त्या निघणार, त्याआधी मी जाऊन माफी मागायची. नाहीतर लोकांना जुनी घरं दाखवत मी काढतो त्या गावफेऱ्याही यापुढे पापेनडीक घेणार.

माफी कशाची? खरं बोलल्याची?

गुड्रुन ताटात वाढता वाढता म्हणाली, "माझा नवरा आहेस म्हणून सांगते, तू मयतीत जाऊन मढ्याची जन्मतारीख दुरुस्त करशील." बावीस वर्षांच्या संसारात तिनं मला पहिल्यांदा मूर्ख म्हटलं, तेही सरळ न म्हणता.

या गावाला रडायला आवडतं. मोजायला आवडत नाही. पावसात भिजत चाललेली माणसं त्यांना चालतात, बघून दाटून येतं. लख्ख उन्हात, दुकानं उघडी असताना, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाललेली चालत नाहीत. कारण मग कोण बघत होतं, हा प्रश्न येतो. पाऊस असला की खिडक्या बंद असतात ना!

हे मी त्यांना सांगायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

हॉटेलपर्यंत गेलो. ग्रासिएलाबाई काचेतून दिसल्या — एकट्याच, समोर चहा. आत गेलो नाही. काय बोलणार होतो? पाऊस होता म्हणून?

नाही मागणार माफी. फोटो गेला तर जाऊ दे.

२० ऑक्टोबर, सोमवार

सकाळी आईला कॉफी नेऊन दिली. गुड्रुननं तिला सगळं सांगितलेलं. सगळ्या गावात माझ्या बाजूची निघाली ती एकटी आई. जवळ बसवलं, हात थोपटला.

"तुझंच बरोबर आहे, पोरा. पाऊस कुठला! कडक ऊन होतं. नळ तेव्हा मागच्या अंगणात, बादल्या जिन्यावरून वर न्यायच्या म्हणजे जीव जायचा. माझ्या हातावर वळ उठले होते. आमची वरची खिडकी, समोर बेकरीवाल्यांची, पुढे डाकबाबूंची — सगळ्यांनी बादल्या भरून ठेवल्या होत्या. ते तिघं खिडकीखाली आले की ओतायचं. ती पोरगी प्रत्येक वेळी वर बघत राहिली. तिला वाटलं असेल आभाळातनंच पडतंय."

मग साखर मागितली. मी दिली.

"गाडी दुपारची आहे ना तिची?" म्हणाली. "जा की मग. सांग तिला, माझंच खरं होतं म्हणून."